एक टेप, दोन खटले आणि बियरच्या बदल्यातला होकार

१९९८ च्या मे महिन्यात लंडनच्या हायकोर्टात बीटल्स या बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन साक्षीला उभा राहिला. विषय होता पस्तीस वर्षांपूर्वीच्या काही रात्रींचा. समोरच्या पक्षाचं म्हणणं असं, की हॅम्बुर्गच्या क्लबात बीटल्स वाजवत असताना जी टेप फिरत होती, तिला जॉन लेननने तोंडी होकार दिला होता आणि त्या होकाराची किंमत होती बियर. टेप करणाऱ्याने बियर पाजायची, बाकी काही नको. लेनन १९८० मध्येच गेलेला, म्हणजे त्याला विचारायची सोय नाही. हॅरिसनने हा सगळा किस्सा बकवास ठरवला. एका झिंगलेल्या माणसाने झिंगलेल्या टोळक्याला टेप केलं म्हणून तो काही धंद्याचा करार होत नाही, अशा अर्थाचं तो कोर्टात बोलला, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य सगळीकडे छापून आलं.

वाक्य झकास आहे, पण प्रकरणाची खरी गंमत त्यात नाही. याच टेपवरून, समोरच्या पक्षातल्या याच लिंगासाँग रेकॉर्ड कंपनीविरुद्ध, याच शहरात १९७७ मध्ये एक लढाई होऊन गेली होती आणि ती बीटल्स हरले होते. १९९८ मध्ये तेच जिंकले. टेप तीच, गाणी तीच, खरखरही तीच. मधल्या एकवीस वर्षांत बदलला तो कायदा. ज्याने गायलं, वाजवलं त्याचा स्वतःच्या सादरीकरणावर काही हक्क असतो का, या प्रश्नाला ब्रिटिश कायद्याने आधी ‘नाही’ आणि मग ‘हो’ असं उत्तर दिलं, ते एकाच वस्तूवर तपासून बघण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

टेप कशी झाली

डिसेंबर १९६२. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागातला स्टार-क्लब. बीटल्सची ती हॅम्बुर्गची पाचवी आणि शेवटची खेप, ३१ डिसेंबरला संपलेली. त्यांना खरं तर यायचंच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये पहिली रेकॉर्ड बाजारात आली होती, इंग्लंडमध्ये नाव होऊ लागलं होतं. पण तारखा आधीच कबूल केलेल्या होत्या. क्लबचं स्टेज सांभाळणाऱ्या एड्रियन बार्बरने घरगुती वापराचं ग्रुंडिग टेपरेकॉर्डर लावलं, स्टेजसमोर एक मायक्रोफोन ठेवला आणि काही रात्रींचं वाजवणं उतरवून घेतलं. टेप करायला सांगणारा होता टेड टेलर. लिव्हरपूलचाच, ‘डॉमिनोज’ या बँडचा गायक, त्याच क्लबात वाजवणारा.

ती टेप मी ऐकली आहे. ड्रम पुढ्यात, गिटार त्याच्या मागे, आणि गाणारे जणू शेजारच्या खोलीत. मधेमधे प्रेक्षकांशी थट्टामस्करी, ग्लासांचा किणकिणाट. दोन गाण्यांत तर गायक बीटल्सपैकी नाहीच. क्लबचाच माणूस माइकपाशी येऊन गातोय आणि हे मागे वाजवतायत. पुढे हॅरिसनने हे आमच्या नावावरचं सगळ्यात भिकार रेकॉर्डिंग असल्याचं म्हटलं. रसिकाने भांडायचं तर भांडावं, पण त्या वाक्यात एक कायदेशीर मुद्दा दडलेला आहे. तो पुढे येईल.

टेलर टेप घेऊन घरी गेला. साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने ती बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनला देऊ केली. एप्स्टाइनला त्यात विकण्यासारखं काही दिसलं नाही. वीस पौंड देऊ केले असं सांगतात. मग टेप एका बंद पडलेल्या ऑफिसात धूळ खात पडली. १९७२ मध्ये बीटल्सचा जुना एजंट ॲलन विल्यम्स आणि टेलर यांनी ती शोधून काढली. विल्यम्सच्या सांगण्याप्रमाणे हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्याकडे पाच हजार पौंडांचा प्रस्ताव गेला आणि त्यांनी तो नाकारला. शेवटी टेप रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या पॉल मर्फीकडे गेली, आवाज साफसूफ करण्यावर बराच पैसा ओतला गेला आणि १९७७ मध्ये जोडअल्बम तयार झाला. जर्मनीत बेलाफोनने काढला, इंग्लंडमध्ये लिंगासाँगने.

त्या अल्बमवर छापलं होतं, की हे रेकॉर्डिंग १९६२ च्या वसंतातलं आहे. रिंगो तेव्हा बीटल्समध्ये नव्हताच, तो ऑगस्टमध्ये आला. पण टेपवरचे ड्रम त्याचे, म्हणून ‘त्या रात्री तो बदली बसला होता’ अशी पुस्तीही जोडली होती. हा आटापिटा कशासाठी? बीटल्सनी ईएमआयशी, म्हणजे पार्लोफोन लेबलशी, करार केला तो जून १९६२ मध्ये. रेकॉर्डिंग त्याआधीचं दाखवता आलं, तर ईएमआयचा त्यावर दावा राहत नाही. घोटाळा एवढाच झाला, की टेपवरच्या गप्पांत नाताळचे उल्लेख आहेत. तारीख ढकलणाऱ्यांनी स्वतःचीच टेप नीट ऐकलेली नव्हती.

एका फितीवर तीन हक्क

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सुटी करून ठेवायला हवी, कारण इथे भलेभले गोंधळतात. एखादं रेकॉर्डिंग हातात आलं की त्यावर किमान तीन वेगळे हक्क बसलेले असतात.

पहिला, गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा. स्टार-क्लबच्या टेपवर बहुतेक गाणी दुसऱ्यांची होती, अमेरिकन रॉक अँड रोलची. त्यांच्या मालकांना ठरलेला मोबदला दिला की तो प्रश्न मिटतो.

दुसरा, ध्वनिमुद्रणावरचा. ब्रिटनच्या १९५६ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ कोण, तर मुद्रण होताना ज्याच्या मालकीच्या फितीवर आवाज उतरतो आहे तो. गाणारा नव्हे, फीतवाला. त्या काळी स्टुडिओ आणि रेकॉर्ड कंपन्या हेच फीतवाले असत, त्यामुळे ही व्याख्या कुणाला टोचली नाही. पण ग्रुंडिग घेऊन क्लबात बसलेल्या माणसालाही ती तितकीच लागू पडते.

तिसरा, ज्याने ते प्रत्यक्ष गायलं, वाजवलं त्याचा. १९७७ मध्ये या तिसऱ्या खणात नेमकं काय होतं, यावर सगळं प्रकरण उभं आहे. आणि उत्तर असं, की एक फौजदारी गुन्हा होता, बाकी काही नाही.

ही भानगड १९२५ पासूनची. त्या वर्षी ब्रिटनने नाट्य आणि संगीत कलावंतांच्या संरक्षणाचा कायदा केला. कलावंताच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या सादरीकरणाची रेकॉर्ड जाणूनबुजून करणं किंवा विकणं हा गुन्हा, शिक्षा दंडाची. १९५८ मध्ये तोच कायदा नव्याने मांडला, १९६३ आणि १९७२ मध्ये त्याला ठिगळं लावली. पण रचना तीच राहिली. गुन्हा सरकारविरुद्धचा, दंड सरकारजमा. ज्याचा आवाज चोरीला गेला, त्याला त्यातून दमडीही नाही आणि मनाई हुकूम मागण्याचा अधिकारही नाही. या कायद्यातून कलावंताला दिवाणी हक्क मिळत नाही, असा निकाल १९३० मध्येच येऊन गेला होता.

आंतरराष्ट्रीय पातळीवर तरी काही होतं का? १९६१ चा रोम करार होता. त्याच्या सातव्या कलमाची शब्दरचना बघण्यासारखी आहे. निर्मात्यांना आणि प्रसारकांना ‘परवानगी देण्याचा किंवा मनाई करण्याचा हक्क’, पण कलावंतांना मात्र ‘रोखण्याची शक्यता’. हक्क नव्हे, शक्यता. ही कंजुषी मुद्दामच होती. ब्रिटनसारख्या देशांना आपला फौजदारी कायदा तसाच ठेवून करारात बसता यावं म्हणून शब्द सैल ठेवले गेले. १९६३ मध्ये ब्रिटनने करार मंजूर केला तो याच सैल जागेतून आत शिरून.

१९७७

बीटल्सची कंपनी ॲपल कोअर कोर्टात गेली ती तात्पुरता मनाई हुकूम मागायला. अल्बम दुकानात जाण्याआधी थांबवा, एवढंच. न्यायमूर्ती मेगरी यांनी हुकूम नाकारला. एक तर १९५८ च्या कायद्यातून खाजगी हक्क निघत नाही ही जुनी समजूत. दुसरं, उशीर. टेप अस्तित्वात आहे हे यांना काही वर्षं माहीत होतं, आणि हालचाल मात्र आता, समोरच्याने पैसा गुंतवून झाल्यावर.

उशिराचा मुद्दा मला आजही पटत नाही. टेप कुणाच्या तरी कपाटात आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती विकली जाणार आहे हे कळणं वेगळं. माझी जुनी पत्रं तुमच्या घरात पडून आहेत म्हणून मी रोज उठून मनाई मागायची का? शिवाय पाच हजार पौंडांना टेप विकत घ्यायला नकार दिला याचा अर्थ ‘खुशाल छापा’ असा कसा होतो? स्वतःचंच वाजवणं परत विकत घ्यायला नकार देणं हा तर उलट माणसाच्या ताठ कण्याचा पुरावा. पण तात्पुरत्या मनाईत न्यायाधीश दोन्ही बाजूंच्या गैरसोयीची तोलामोलाने तुलना करतो, आणि मुळात हक्कच दिसत नसला की तराजू एका बाजूला कलणारच.

म्हणजे परिस्थिती अशी झाली. गाणं लिहिणाऱ्यांना पैसे मिळाले. फीतवाल्याला पैसे मिळाले. ज्यांच्या नावावर अल्बम विकला जात होता, त्यांच्या हातात फक्त पोलिसांकडे जाऊन फौजदारी तक्रार करण्याचा मार्ग उरला.

मधली वर्षं

इथून पुढे ब्रिटिश न्यायालयांनी जे केलं ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं नाही, आणि मला वाटतं तेच या प्रकरणातलं सगळ्यात वाचनीय आहे.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, आयलंड रेकॉर्ड्सचं प्रकरण अपील न्यायालयात आलं. कलावंत आणि रेकॉर्ड कंपन्या एकत्र आल्या होत्या. मैफलीत चोरून टेप करून त्याच्या कॅसेटी विकणाऱ्यांच्या, म्हणजे बूटलेगवाल्यांच्या, जागेची झडती हवी होती. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी वाट काढली. कायदा दिवाणी हक्क देत नसेल, पण गुन्ह्यामुळे एखाद्याच्या खाजगी हिताचं खास नुकसान होत असेल तर कोर्ट मध्ये पडू शकतं. कलावंतही खूश, कंपन्याही खूश. डेनिंग यांचे निकाल नेहमीच असे. आधी न्याय काय ते ठरवायचं, मग त्याला तत्त्व शोधायचं.

ते तत्त्व तीन वर्षंच टिकलं. १९८१ मध्ये लॉन्रो विरुद्ध शेल या तेलाच्या प्रकरणात, ज्याचा गाण्याबजावण्याशी काही संबंध नव्हता, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, लॉर्ड डिप्लॉक यांनी डेनिंग यांचं व्यापक तत्त्व मोडीत काढलं. पण जाता जाता एक दार किलकिलं ठेवलं. एखादा कायदा विशिष्ट वर्गाच्या संरक्षणासाठीच केलेला असेल, तर त्या वर्गातल्या माणसाला दाद मागता येते. आणि कलावंत-संरक्षणाचा कायदा कलावंतांसाठीच आहे. मग १९८२ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या बूटलेगवरून आरसीए कंपनीने पोलार्ड नावाच्या विक्रेत्यावर दावा लावला, तेव्हा अपील न्यायालयाने कंपनीला बाहेरचा रस्ता दाखवला. कायदा कलावंतासाठी आहे, कंपनीसाठी नाही. या निकालाला कंपनीच्या वकिलांनी शिव्याच दिल्या असतील, पण कलावंताच्या दृष्टीने तो सोन्यासारखा होता. पहिल्यांदाच हक्काचा धनी कंपनीपासून वेगळा काढला गेला.

शेवटचा खिळा ठोकला पीटर सेलर्सने, तोही मेल्यावर. १९८० मध्ये त्याचं निधन झालं. १९८२ मध्ये क्लूसो या त्याच्या गाजलेल्या इन्स्पेक्टरचा एक ‘नवा’ चित्रपट आला, ज्यात तो प्रमुख भूमिकेत होता. आधीच्या चित्रपटांतून कापून टाकलेले तुकडे जोडून तो उभा केला होता. अंगावर प्लास्टर चढवलेला क्लूसो विमानाच्या स्वच्छतागृहात अडकतो, असे प्रसंग. चित्रीत झालेले, पण तेव्हा निवडले न गेलेले. फिल्मचा कॉपीराइट निर्मात्या कंपनीचा, यात वाद नव्हता. वाद असा, की एका चित्रपटासाठी दिलेली संमती दुसऱ्या चित्रपटाला पुरते का? आणि माणूस गेल्यावर संमती कुणी द्यायची? रिकलेस विरुद्ध युनायटेड आर्टिस्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात खालच्या न्यायालयाने १९८५ मध्ये आणि पुढे अपील न्यायालयानेही सांगितलं: पुरत नाही, आणि कलावंताच्या पश्चात त्याच्या वारसांची लेखी संमती लागते. १९५८ च्या कायद्यातून कलावंताला दिवाणी हक्क मिळतो. भरपाईचा आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला.

म्हणजे ज्या कायद्यात १९७७ मध्ये काहीच सापडलं नव्हतं, त्याच कायद्याच्या त्याच शब्दांत दहाएक वर्षांनी भरभक्कम हक्क सापडला. मधे संसदेने त्या मुद्द्यावर एक अक्षर बदललं नव्हतं.

संसद जागी झाली ती १९८८ मध्ये. कॉपीराइट, डिझाइन आणि पेटंटच्या नव्या कायद्याचा दुसरा भाग कलावंतांच्या हक्कांसाठी राखला गेला आणि १ ऑगस्ट १९८९ पासून लागू झाला. माझ्या मते त्यात तीन गोष्टी कळीच्या. पहिली, हा हक्क कलावंताचा वैयक्तिक. तो विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. मेल्यावर मात्र वारसाकडे जातो. विकता येण्यासारखे, म्हणजे प्रती काढण्याचे वगैरे मालमत्तेच्या स्वरूपाचे हक्क, ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९६ मध्ये वेगळे जोडले गेले. दुसरी, ‘रेकॉर्डिंग’ची व्याख्या. प्रत्यक्ष सादरीकरणावरून केलेलं तर आलंच, पण आधीच्या रेकॉर्डिंगवरून थेट वा आडवळणाने केलेलंही रेकॉर्डिंगच. तिसरी, हा हक्क कायद्याआधीच्या सादरीकरणांनाही लागू. फक्त कायदा येण्याआधी केलेल्या कृतींसाठी कुणाला धरता येत नाही.

या तीन गोष्टी स्टार-क्लबच्या टेपवर ठेवून बघा. १९६२ मध्ये टेलरने टेप केली तेव्हा काही गुन्हा घडला असं म्हणणं कठीण. स्वतःच्या खाजगी, घरगुती वापरासाठी केलेल्या टेपेला जुना कायदाही सोडून देत होता आणि नवाही. १९७७ चा अल्बम कायद्याआधीचा, म्हणून सुटला. पण १९९६ मध्ये त्याच टेपवरून सीडी छापली की प्रत्येक छपाई म्हणजे १९६२ च्या त्या रात्रीचं नवं रेकॉर्डिंग, आणि त्याला नव्याने संमती हवी.

होकार

१९९१ मध्ये सोनी म्युझिकने ही टेप सीडीवर आणली आणि बीटल्सनी कायदेशीर हालचाल केल्यावर मागे घेतली.  लिंगासाँगने १९९६ मध्ये पुन्हा सीडी काढली आणि दोन वर्षांनी प्रकरण कोर्टात उभं राहिलं.

आता लेननच्या बियरचं महत्त्व कळेल. १९५८ च्या कायद्याला लेखी संमती लागत होती. चार ग्लास बियरवर कोण कागद करतं? त्या कायद्याखाली हा किस्सा उभाच राहिला नसता. पण १९८८ च्या कायद्याने हक्क बळकट करताना ‘लेखी’ हा शब्द गाळला. संमती पुरे, तोंडीही चालेल. एखाद्या विशिष्ट सादरीकरणासाठी, एखाद्या प्रकारच्या सगळ्या सादरीकरणांसाठी किंवा सरसकट, झालेल्या वा होणाऱ्या कशासाठीही. हक्क मोठा झाला आणि त्याच्या कुलपाचं भोक सैल झालं. टेलरची आठवण त्या भोकातूनच आत आली.

ती आठवण खरी धरली, तरी पुढचे प्रश्न उरतात. हे प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो आहे, निकालपत्राच्या नव्हे.

स्टेजवर चौघं होते. हक्क वैयक्तिक म्हणजे प्रत्येकाचा वेगळा. लेनन तेव्हा पुढारपण करत असेल, तरी मॅकार्टनीचा, हॅरिसनचा, रिंगोचा होकार तो कुठून आणणार? बँड ही काही कंपनी नाही की एकाने सही केली आणि सगळे बांधले गेले. हॅरिसन स्वतः साक्षीला उभा राहण्याचं वजन इथे आहे. ‘मला कुणी विचारलं नाही’ हे वाक्य ज्याला विचारायला हवं होतं त्याच्याच तोंडून आलं.

दुसरं, होकार नेमका कशासाठी? ‘तुम्ही वाजवताय ते टेप करू का?’ आणि ‘तुम्ही वाजवताय ते पुढे जगभर विकू का?’ हे दोन प्रश्न आहेत. १९६२ च्या डिसेंबरमध्ये दुसरा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. खुद्द एप्स्टाइनला पुढे त्यात वीस पौंडांपेक्षा जास्त काही दिसलं नाही. जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याचं उत्तर ‘हो’ कसं असेल? सेलर्सच्या प्रकरणातलं तत्त्व इथे चपखल बसतं. एका कामासाठी दिलेला होकार त्या कामापुरता.

तिसरं, ईएमआयचा करार. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांचं रेकॉर्डिंग करण्याचा हक्क करारानेच दुसऱ्याकडे होता. १९८८ च्या कायद्यात अशा कंपनीलाही ‘रेकॉर्डिंगचा हक्क’ म्हणून वेगळा हक्क मिळाला, कलावंताच्या हक्काच्या शेजारी. लेननने होकार दिला असता तरी तो दुसऱ्याच्या अंगणातली चिंच वाटण्यासारखा झाला असता.

निकाल बीटल्सच्या बाजूने गेला. सीडीची विक्री थांबली, मूळ टेप लिंगासाँगच्या हातून गेली. हॅरिसनची साक्ष निकालात महत्त्वाची ठरल्याचं सांगितलं जातं.

आणि तो ‘सगळ्यात भिकार रेकॉर्डिंग’वाला मुद्दा. या खटल्याच्या वेळी ब्रिटिश कलावंताला संमतीचा आणि मालमत्तेच्या स्वरूपाचा हक्क होता. माझी कला अशी खरखरीत, अर्धवट स्वरूपात लोकांसमोर मांडून माझी बदनामी करू नका, असं म्हणण्याचा नैतिक हक्क नव्हता. तो जगाच्या पातळीवर मान्य झाला २० डिसेंबर १९९६ च्या, कलावंतांच्या हक्कांविषयीच्या जिनिव्हा करारात, त्याच्या पाचव्या कलमात: कलावंताचं नाव द्या, आणि त्याच्या लौकिकाला बाधेल अशी मोडतोड करू नका. पण तो झाला नुसता करार. ब्रिटनने स्वतःच्या कायद्यात ते उतरवलं २००६ मध्ये. हॅरिसन २००१ मध्ये गेला. नुसत्या वाईट आवाजाला मोडतोड म्हणता येईल का, हा वेगळा वाद. मला वाटतं नाही. फितीने जसं ऐकलं तसं ते आहे. कुणी वाकवलेलं नाही.

भारतीय कायदा याच दोन दशकांत कुठे होता तेही सांगायला हवं. मेगरी यांच्या निकालानंतर वर्षभरात, १९७८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात सांगितलं, की नटाचा अभिनय हे कॉपीराइट कायद्यातलं ‘कृती’ या सदरात मोडणारं काही नाही. त्यावर त्याचा स्वतंत्र कॉपीराइट नाही. कलम ३८ मध्ये कलावंताचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ मध्ये ३८-अ आणि ३८-ब जोडले गेले. त्यातलं ३८-अ वाचताना मला दर वेळी क्लूसो आठवतो. नटाने लेखी कराराने चित्रपटात काम करायला संमती दिली की ‘त्याच चित्रपटात’ निर्मात्याने ते वापरायला तो हरकत घेऊ शकत नाही. त्याच चित्रपटात. कापून ठेवलेल्या तुकड्यांतून दुसरा चित्रपट करायचा तर हे कलम निर्मात्याच्या मदतीला येत नाही. ३८-ब मध्ये नाव देण्याचा आणि मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे, हक्क विकून टाकले तरी शाबूत राहणारा. फक्त संकलनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी काही कापलं तर ती मोडतोड धरत नाहीत. आणि कलावंत कोण, याची यादी ब्रिटिशांपेक्षा ऐसपैस: नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणाराही.

मुदत

१९८८ च्या कायद्याने कलावंताच्या हक्काला मुदत घातली ती पन्नास वर्षांची, सादरीकरणाचं वर्ष संपल्यापासून. १९६२ च्या डिसेंबरला पन्नास वर्षं मिळवा, येतं २०१२ चं अखेर. पुढच्या बदलांनी नियम असा झाला, की त्या मुदतीत रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं असेल तर घड्याळ प्रसिद्धीच्या वर्षापासून पुन्हा सुरू होतं. ध्वनिमुद्रणांसाठी २०१३ मध्ये ही मुदत सत्तर वर्षांपर्यंत वाढली. पण ‘प्रसिद्ध झालं’ हे ठरवताना विनापरवाना कृती मोजायची नाही, असं कायदा म्हणतो.

म्हणजे बघा. बीटल्सनी १९९८ मध्ये कोर्टात जे जीव तोडून मांडलं, की आम्ही कधीही संमती दिलेली नाही, ते खरं असेल तर या टेपेची अधिकृत प्रसिद्धी झालीच नाही आणि लांबलेली मुदत तिला मिळत नाही. टेलरचं म्हणणं खरं असतं, लेननने बियरच्या बदल्यात खरंच सगळ्यांच्या वतीने होकार दिला असता, तर १९७७ ची प्रसिद्धी अधिकृत ठरून हक्क कितीतरी वर्षं पुढे गेला असता. फक्त मग तो बजावायला काही उरलं नसतं.

आणि माइकपाशी येऊन गाणारी ती क्लबची माणसं. त्यांतला एक तिथला वेटर. त्याचाही आवाज त्याच फितीवर आहे, कायद्याच्या व्याख्येत तोही पुरता कलावंत, आणि हक्क वैयक्तिक असल्यामुळे बीटल्सच्या हो किंवा नाहीशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या होकाराचा, किंवा त्याला मिळालेल्या बियरचा, किस्सा मात्र कुणी सांगितलेला नाही.